पाठमोरी

"जरा डावीकडे," चित्रकार म्हणाला आणि तिची मान आपोआप डावीकडे वळली.

तो बोलत होता शिडीवरच्या माणसाशी. हॉलच्या भिंतीवर चित्र टांगायचं काम चाललं होतं. पण इतकी वर्षं नवऱ्यासमोर स्टुलावर बसून काढल्यावर मानेची सवय जाते कुठे? ती ओशाळली, पण कुणी पाहिलं नव्हतं.

चित्र तिचंच होतं. त्याच्या सगळ्या चित्रांत ती पाठमोरी असायची, आणि जाणकार मंडळी त्यात काय काय गूढ शोधत बसायची. गूढ कसलं डोंबलाचं! तिला मारलं की त्याला चित्र सुचायचं, आणि सुजलेलं तोंड त्याला बघवायचं नाही. म्हणून पाठ.

आणि आज ते चित्र लिलावात होतं. लिलाव कुणासाठी, तर नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांच्या निवाऱ्यासाठी. कलावंतांनी आपापलं काहीबाही दिलं होतं. कुणी फुलदाण्या, कुणी फोटो, एका विणकरणीनं तर अख्खा गालिचा. तिला हसू येत होतं, पण हसलं की बरगडीत कळ यायची.

निवारा चालवणाऱ्या बाई चित्र मागायला घरी आल्या होत्या, तेव्हा तो आत फ्रेम पुसत होता. स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तिनं बाही वर केली. आयुष्यात हे तिनं दुसऱ्यांदा केलं होतं. पहिल्यांदा सख्ख्या भावाला दाखवलं, तर तो म्हणाला होता, "तापट आहेत गं भाऊजी, पण मनानं चांगले. जुळवून घे."

बाई तसं काही बोलल्या नाहीत. त्यांनी बाही हलक्या हातानं खाली ओढली.

"लिलावाच्या दिवशी सगळे त्याच्याभोवती असतील," त्या कुजबुजल्या. "मागच्या दारी गाडी उभी करते. पुढचं माझ्यावर सोड."

एवढं तिला कुणी कधी म्हणालंच नव्हतं.

बाहेर आल्यावर बाईंनी भिंतीवरची बाकीची दहा चित्रं पाहिली. "हीसुद्धा दिलीत ना, तर आमचं छप्पर होईल हो. पाऊस आला की बायका बादल्या लावून झोपतात."

"ही द्यायची नाहीत," तो म्हणाला. विषय संपला. त्या दहा चित्रांत त्याचा जीव अडकलेला. भल्याभल्यांना त्यानं हात हलवत परत पाठवलं होतं.

आज मात्र स्वारी सकाळपासून खुशीत होती. तिच्या खांद्यावरची शाल त्यानं स्वतः सारखी केली, लोकांशी तिची ओळख करून दिली. "ही नसती तर मी कुठला चित्रकार!" लोक हसले. तीही हसली, कळ सोसून.

लिलावात त्याच्या चित्रावर लोक तुटून पडले. हातोडा वाजला, टाळ्या झाल्या, आणि बाईंनी माइक हातात घेतला. त्यांचा आवाज कापत होता.

"एक आनंदाची बातमी आहे. पाठमोऱ्या चित्रांची उरलेली सगळी मालिका, दहाच्या दहा चित्रं, आपल्या चित्रकारांनी निवाऱ्याला दिली आहे!"

अख्खा हॉल उभा राहिला. ती थक्क झाली. जो माणूस रंगाची पिळून संपलेली नळी कुणाला द्यायचा नाही, तो? क्षणभर तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय का? मग बरगडी दुखली आणि ती भानावर आली. चारचौघांत मोठेपणा मिरवायची हौस त्याला पहिल्यापासूनच.

बाईंनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शहाणी बाई, तिला वाटलं. उगाच कुणाला शंका नको.

लोकांनी त्याला गराडा घातला. ती उठली, खुर्च्यांच्या कडेकडेनं सरकली, कपबशांच्या खोलीतून मागच्या दाराशी पोचली. थोड्या वेळानं बाई आल्या. तिनं आधीच त्यांच्याकडे ठेवलेली पिशवी त्यांच्या हातात होती.

"कुणी पाहिलं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही. चल, गाडी तयार आहे."

मागच्या सीटवर बसवताना बाईंनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आमच्याकडे खूप बायका आहेत गं," त्या म्हणाल्या. "मला सगळ्यांचा विचार करावा लागतो."

"मला कोपरासुद्धा चालेल, बाई," ती घाईघाईनं म्हणाली. "कुणाची अडचण करणार नाही मी. खरंच सांगते."

बाईंनी मान फिरवली आणि गाडीचं दार लावलं.

तिनं पाठ टेकली. शाल काढून बाजूला ठेवली. उद्या सकाळी उठल्यावर समोर स्टूल नसेल, एवढंच मनात आलं आणि तिला रडू फुटलं. आतून अजून बोलण्याहसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी पुढचं दार उघडून बसलं.

"निघूया, दादा," डोळे पुसत ती ड्रायव्हरला म्हणाली.

"निघूया की," चित्रकार म्हणाला आणि त्यानं किल्ली फिरवली. "सकाळी बाईंचा फोन आला, तेव्हाच म्हटलं, दहाच्या दहा देऊन टाकू. तू असलीस की काय, पुन्हा काढता येतील."