एर्मिलोच्या नावाची वाटी

दुपारी बारा वाजता प्रार्थना संपली आणि पितरांच्या मेजावरचं अन्न चाखायची वेळ झाली. मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर हे काम घरातल्या थोरल्या बाईचं. पितर जेवून गेले की अन्न दिसायला तसंच राहतं, चव तेवढी निघून जाते. दोन्या ब्रिसियाने आधी मेलेल्या नवऱ्याच्या वाट्याचा पीब मोडला. मक्याच्या पिठाचा, केळीच्या पानात बांधून खड्ड्यात भाजलेला, आत कोंबडी. तोंडात नुसता भुसा.

"येऊन गेले," ती म्हणाली.

"आमचे तर काय विचारूच नका," शेजारीण कासियाना खिदळली. "जिवंतपणी ताटात काही ठेवलं नाही, आता चवही ठेवत नाहीत!"

जमलेल्या बायका हसल्या. ब्रिसियाचा हात मात्र थांबला. नवऱ्याच्या आणि सासूच्या वाट्यांच्या मध्ये तुंब्याची एक वाटी जास्तीची होती. काठोकाठ गरम चॉकलेट.

"ही कुणाची?"

"एर्मिलोची," सून सुल्मी म्हणाली.

"माझ्या जित्या लेकाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवलंस? हात कसे झडले नाहीत तुझे?"

"चौदा महिने झाले, आई. शेवंडं धरायला बुडी मारली, होडी परत आली, तो नाही आला. तुम्ही रडू देत नाही, सुतकाचं काळं घालू देत नाही. आज चाखा. गोड लागलं तर केस पिकेपर्यंत याच दारात त्याची वाट बघेन. फिकं लागलं तर उद्याच्या बोटीने निक्तेला घेऊन माहेरी जाईन."

कासियानाने धुपाटणं खाली ठेवलं. पाच वर्षांची निक्ते आजीचा झगा धरून उभी.

"साखर किती घातलीस?" ब्रिसियाने विचारलं.

"मूठभर. त्याला लागायची तेवढी."

ब्रिसियाने वाटी उचलली. वाफ येत होती, पण ओठांना गार लागली. तिने घोट घेतला. साखर नाही, दालचिनी नाही. विहिरीच्या पाण्यालाही याहून चव असते.

"चिच, गोड आहे?" नातीने आजीला विचारलं.

"गोड म्हणजे? दात ठणकतील इतकं! तुझ्या आईला साखर फुकट मिळते जशी."

सुल्मीने हात पुढे केला. "द्या. मला बघू दे."

ब्रिसियाने तिच्याकडे पाहिलं, वाटी पुन्हा तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत खाली घेतलीच नाही.

शेवटच्या घोटाला दाताखाली वाळू करकरली. बारीक, खारट. तिने गिळली. आणखी आली. गालांत भरली, जिभेखाली भरली.

"आई," सुल्मी रिकाम्या वाटीत डोकावत म्हणाली, "खरंच गोड होतं?"

ब्रिसियाने मान डोलावली. तोंड उघडायची सोय नव्हती.