लोणावळ्याचा आनंदमेळा

“मौतका कुवा बघितल्याबिगर मी माघारी येनार न्हाई,” गोरख ताटावरूनच म्हणाला. “त्यात मान्सं भिंतीवर फटफटी चालिवत्यात!”

“आदी आकाशपाळना,” सरू म्हणाली. “तुझी फटफटी कोन बघतंय?”

गोरख सोळाचा आणि सरू चौदाची. दोघंही चांगली घोड्याएवढी झालेली, पण लोणावळ्याच्या मैदानावर आनंदमेळा लागल्याचं कळल्यापासून शेंबड्या पोरांसारखी भांडत होती. आणि त्यांचा बाप रखमाजी चक्क हसत होता. देहूरोडच्या डेपोतून घरी आला की ज्याच्या तोंडातून शब्द काढायला सांडशी लागायची, तो माणूस आज पोरांबरोबर बेत आखत बसला होता. रविवारी कान्हे स्टेशनावरून आगगाडीनं जायचं, भाकरी बांधून न्यायच्या, आधी पाळणा, मग फटफटी.

रतनबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. परातीत हात असा काही पडत होता, की तिथं पीठ नसून नवराच असावा.

कारण तिला सगळं ठाऊक होतं. सकाळी ओसरीवर रखमाजी आपल्या बापाला, आबांना, दबक्या आवाजात सांगत होता, तेव्हा ती दाराआड उभी होती. “मेळ्याला पावनं येत्यात. तितंच पोरगी बघून घेतील. घरी बोलावलं आन् न्हाई जमलं, तर गावात बोभाटा हुतो.” आबा खूश झाले होते. सातवीचा निकाल लागल्यापासून त्यांचा एकच घोषा होता, पोरगी उजवून टाका.

सरू सातवीला पहिली आली होती आणि रतनबाईला तिला पुढं शिकवायचं होतं. कुठं आणि कसं, ते काही तिला ठाऊक नव्हतं. गावची शाळा सातवीलाच संपत होती. पण ती स्वतः तेराव्या वर्षी मुंडावळ्या बांधून या घरात आली होती, आणि पोरीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आणि हा बाप! पाळण्याचं आमिष दाखवून पोरीला बाजारात उभी करायला निघाला होता. बायकोला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“ह्या उनाचं कशाला जायचं म्हन्ते मी?” तिनं विचारून पाहिलं.

“पोरांनी कदी काय बघितलंय?” रखमाजी म्हणाला. “आन् सरे, तितं कुनी काय इचारलं तर नीट बोलायचं. ती कविता पाठ हाय न्हवं?”

कविता! म्हणजे नवरदेव कुणी कारकून-बिरकून असणार, त्याला शिकलेली बायको हवी असणार. रतनबाईनं दातओठ खाल्ले आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. आबा आणि रखमाजी एक झाल्यावर या घरात तिचं कोण ऐकणार होतं?

रविवारी वेणी घालताना तिनं सरूला दरडावलं. “मेळ्यात कुनी काय बी इचारलं, तरी मला काय येत न्हाई म्हनायचं. शाळंचा कटाळा येतो म्हनायचं.”

“पन आये, मला तर...”

“तुला पुढं शिकायचंय का?”

“व्हय.”

“मंग सांगते तसं कर.”

मेळ्यात पाळण्याखाली रखमाजीच्या डेपोतले सीतारामपंत उभे होते. त्यांच्याबरोबर पांढऱ्या पातळातली, चष्मा लावलेली एक पोक्त बाई होती. रखमाजीनं वाकून नमस्कार केला. नवरदेवाची मावशी असणार, रतनबाईनं ताडलं. बाईचा चेहरा मायाळू होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“कोणती कविता आवडते गं तुला?” बाईंनी सरूला विचारलं.

“एक बी न्हाई.”

रखमाजी दचकला. “अगं, म्हन की! रोज तर म्हनतीस.”

“येत न्हाई मला.”

“बरं, राहू दे,” बाई हसल्या. “पुढं शिकायला आवडेल?”

सरूनं आईकडं पाहिलं. रतनबाईनं डोळे वटारले.

“न्हाई,” सरू म्हणाली. “शाळंचा कटाळा येतो.” तिची मान खाली गेली.

“लाजती हो पोरगी,” रखमाजी घाईघाईनं म्हणाला.

“लाजत-बिजत न्हाई,” रतनबाई पुढं झाली. “खरं सांगते बाई, मारूनमुटकून धाडली शाळंत. तिचं ध्यान न्हाई आन् मला बी ते पसंत न्हाई. आमच्या ह्यांचंच खूळ हाय समदं.”

सरूच्या पाठीवरून हात फिरवून बाई निघाल्या. रखमाजी हात जोडत त्यांच्या मागं धावला.

रतनबाईनं दोन्ही पोरांना पाळण्यात बसवलं. वर जाताना सरू किंचाळली आणि मग खदखदून हसली. ते बघून रतनबाईला जितकं बरं वाटलं, तितकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हसू दे पोरीला, सुटली बिचारी.

रखमाजी परत आला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“गेले पावनं?” ती फणकारली. “मोडलं न्हवं? दाराआडून समदं ऐकलंय मी, आबांना काय सांगितलंत ते. माज्या पोरीला अशी चोरून उजवत हुता व्हय?”

रखमाजीनं कपाळावर हात मारून घेतला.

“आबा पोरीला घराबाहेर सोडनार न्हाईत, म्हनून थाप मारली गं त्यांना. त्यांच्या कानावर जाईल म्हनून तुला बी बोललो न्हाई,” तो म्हणाला. “बाई पुन्याच्या मुलींच्या बोर्डिंगातल्या मोठ्या मास्तरीन हायेत. मॅट्रिकपतुर ऱ्हानं, खानं, शाळा, समदं फुकाट. एकच जागा हुती. म्हनल्या, आईलाच पसंत न्हाई, तर जिच्या आईला पोरगी शिकवायचीय तिला देते.”