लाल बटणावरचा हार

जालन्याच्या आमच्या बियाणे कंपनीत दाणे निवडायच्या फिरत्या पट्ट्यांजवळ मी लाल बटणं बसवून घेतली, तेव्हा बायांना शब्द दिला होता: धोका दिसला की दाबा, पट्टा थांबेल, मॅनेजर म्हणून जबाबदारी माझी. दसऱ्याला त्यांनी बटणांना हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले आणि मग देव झालेल्या त्या बटणांना बोट लावायचा कुणालाच धीर होईना. आज मालक माझ्या शेजारी उभे असताना पट्टा खाडकन थांबला. "कोणी थांबवला?" मालकांनी विचारलं. बाया खाली बघू लागल्या. द्वारकाबाईंच्या तळव्याला कुंकू लागलं होतं. त्या चाचरत म्हणाल्या, "शेजारणीचा पदर मशिनीत गेल्ता असं वाटलं, सायेब." आत सापडली नुसती पोत्याची चिंधी. मालक हसले. "चिंधीसाठी माल अडवला! मॅनेजर, हिचं काय करायचं ते आत्ता सगळ्यांसमोर सांगा." आधीच्या मॅनेजरला त्यांनी याच शेडमधून घरी पाठवलं होतं. द्वारकाबाईंनी तळवा पदरात लपवला. "बराबर केलं," मी म्हणालो. "उद्या पुन्हा असं वाटलं, तर पुन्हा दाबा." मालकांचं हसू मावळलं. "ऑफिसात या," एवढंच बोलून ते निघाले. घामेजले हात पुसत मी त्यांच्या मागे चाललो. दारापाशी वळून पाहिलं, तर पलीकडच्या पट्ट्यावरची बाई आपल्या बटणावरचा वाळका हार उतरवत होती.