रुंद पेडलं

निवृत्त नर्सबाईंना मुलाने हौसेने सायकल घेऊन दिली, सोबत पेडलमध्ये खटकन अडकणारे शर्यतीचे बूटही. पहिल्याच सिग्नलला बूट सुटला नाही आणि बाई भर चौकात सायकलसकट आडव्या झाल्या. कोपर खरचटलं आणि मनाने धसकाच घेतला. "वय झालं माझं," म्हणत त्या सायकलवर ओले टॉवेल वाळत घालू लागल्या. शेवटी सुनेने टॉवेल उचलले. "आई, वयाला कशाला दोष देता? आपल्याला कुठे शर्यत जिंकायचीय?" तिने पान्याने ती पेडलं काढून रुंद, खरखरीत पेडलं बसवली. बाईंनी ड्यूटीवरचे जुने, सपाट तळाचे बूट चढवले. बोटं ऐसपैस पसरली. दोघी निघाल्या, सून आपल्या सायकलवर मागे. तळ्याकाठी कुत्रं आडवं आलं. बाईंनी ब्रेक दाबला आणि पाय अलगद जमिनीवर टेकला. मागून सून ओरडली, "आई, थांबा!" "थांबलेय की," बाई हसल्या, "आणि उभी आहे!"