शाईचं बोट
डोळे गेले तरी सगुणाबाई मत स्वतःच द्यायच्या. मुलगा धम्मपाल सोबतीला. त्याने चिन्हं वाचून दाखवायची, त्यांनी बटणं चाचपत आपलं गाठायचं. बाप सांगून गेला होता, “मीठभाकर खा पोरी, पन मत कोनाच्या हाती देऊ नको.” आज इंदोऱ्याच्या केंद्रावर दोघांच्याही बोटांना शाई लागली. सगुणाबाईंचं बोट बटणापर्यंत पोचणार, तोच धम्मपालने हात बाजूला सारला आणि भलतंच बटण दाबलं. यंत्र वाजलं. “काहून दाबलं गा तू?” “तुले काय समजते वं माय, आजकालचं? झालं ना मतदान! चाल घरी, आराम कर.” बाहेर कुणा पोराचा आवाज आला, “आजी, शाई दाखवा, फोटो काढतो.” सगुणाबाईंनी आपली मूठ पदराखाली दडवली. मग चाचपडत लेकाचं बोट शोधलं आणि वर धरलं. “याचा काढ बाबू. मत यानं देल्लं.”