केशरी नळी

"पिठलं जरा पातळच ठेव," अंबादासकाका म्हणाले. "त्या पोराच्या घशाखाली काही उतरत नसेल."

इंदुमतीकाकूंनी डोळे पुसत डबा भरला. परवा सकाळी विनयची बायको रेवती चहाला गॅस पेटवायला गेली आणि भडका उडाला. अठ्ठावीस वर्षांची पोर, संध्याकाळपर्यंतसुद्धा राहिली नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा असतो. फरीदाबादच्या त्या सोसायटीत मराठी घरं दोनच. तेव्हा घास कुणी न्यायचा, हा प्रश्नच नव्हता.

"मी जाते ना. ही बायकांची कामं."

"तू नको. तुला रडू आवरायचं नाही, आणि तो आणखी खचेल."

काकांनी डबा खाकी पिशवीत ठेवला. ही पिशवी त्यांच्या खांद्यावरून कधी उतरत नसे. आत गॅसची एक हिरवी नळी गुंडाळून ठेवलेली असायची. बाहेरच्या देशातून येणारी, दिल्लीच्या पहाडगंज बाजारात निम्म्या भावाने मिळणारी. दिसेल त्याला थांबवून काका तिचं टोक लायटरवर धरायचे. "देखिए, कैसे जलती है! सस्ता रोए बार-बार!" दाखवून दाखवून अर्धीअधिक नळी कोळशासारखी झाली होती. लोक माना डोलवायचे, आणि संध्याकाळी तीच हिरवी नळी घेऊन घरी जायचे. वर काकांनाच ऐकवायचे, "अंकलजी, माल आपका बढ़िया है, पर रेट?"

काका चिडायचे. चिडतील नाही तर काय! गॅसच्या नळ्यांचा त्यांचा स्वतःचा कारखाना होता, तीस वर्षांचा. अकरा माणसांचं पोट त्यावर चालायचं. केशरी रंगाची नळी, आणि तिच्यावर वीतवीतभर अंतरावर काकूंचं नाव छापलेलं. काकू अजून लाजायच्या. "इश्श! लोकांच्या ओट्याखाली माझं नाव!"

पूर्वी काका आपलीही नळी कापून आतली तारेची जाळी दाखवायचे. गेल्या दिवाळीत त्यांनी भाव एकदम खाली आणला, जवळजवळ त्या हिरवीइतका. गिऱ्हाईक आपणहून यायला लागलं, मग कापून दाखवायची गरजही राहिली नाही. काकूंनी विचारलं होतं, जमलं कसं हो? "नवं मशीन," काका म्हणाले होते.

विनय हॉलमध्ये जमिनीवर बसला होता. अंगावर परवाचाच स्वेटर.

"काका, गॅस एजन्सीचा माणूस यायचाय. फोनवर म्हणाला, आत काही हलवू नका."

"बरोबर आहे. नकोच हलवूस. काही खाल्लंस?"

त्याने मान हलवली.

"मी ताट आणतो. तू बस, उठू नकोस."

काका पिशवीसकट स्वयंपाकघरात गेले. विनयचं पाऊल दोन दिवसांत त्या दाराकडे वळलं नव्हतं. तो भिंतीकडे बघत राहिला. आत भांडी वाजली, मग बराच वेळ बेसिनचं पाणी वाहिलं. काका ताट घेऊन बाहेर आले तेव्हा जानेवारीच्या थंडीतही त्यांना घाम फुटला होता. आतली ती दशा बघून कुणालाही फुटला असता.

त्यांनी पिठलं-भात कालवला आणि स्वतःच्या हाताने विनयला भरवला. एक घास, दोन घास. तिसरा त्याच्याने गिळवला नाही.

तेवढ्यात एजन्सीचा माणूस आला. पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून बाहेर आला. हातात अर्धी जळलेली हिरवी नळी.

"देखो जी. बाहर का माल. ठप्पा तक नहीं. यही लीक हुई है."

विनय बघतच राहिला. "हिरवी? पण काका, रेवती तर म्हणाली होती की काकांचीच नळी बसवलीय."

"तू पाहिली होतीस?"

"नाही हो. मी कधी ओट्याखाली वाकलोच नाही. घरातलं सगळं तीच बघायची."

"अरे, चार पैसे वाचवायला जातो माणूस. जाऊ दे. गेलेल्याला बोल लावू नये."

"पण माझ्याशी खोटं कशाला बोलली, काका? इतकीशी गोष्ट!" विनय हमसून हमसून रडायला लागला. परवापासून पहिल्यांदाच. काकांनी त्याला पोटाशी धरलं.

दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीत बातमी झाली. बायका खाली जमल्या, कुणी म्हणालं, अंकलजी किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते! सेक्रेटरी श्यामजी स्वतः घरी आले आणि दोनशे फ्लॅटसाठी केशरी नळ्या सांगून गेले. सगळ्या, एकाच आठवड्यात.

काका खुर्चीत टेकले. "अकरा घरांची चूल वाचली," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

काकूंना त्याचं काही सुख वाटेना. रेवती मागून नेती तर फुकट दिली असती की! मेली भिडस्त पोर. त्यांना पुन्हा भरून आलं. मग उठल्या. रडत बसून भागतंय थोडंच, डबा घासायला हवा होता.

त्यांनी खाकी पिशवी उघडली. डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली नळी होती. रोजचीच म्हणून त्या ती बाजूला ठेवायला गेल्या, तर कागद सुटला आणि बोटं काळी झाली. नळी मधोमध फाटली होती. फाटलेल्या जागी तार नव्हती, नुसतंच रबर. काकूंनी पदराने काजळी पुसली.

खालून केशरी रंग निघाला, आणि त्यावर त्यांचंच नाव.