खाटेवरचं अंतराळ

खंडूच्या खाटेचे पायथ्याकडचे दोन खूर विटांवर चढवलेले होते, त्यामुळं त्याचं डोकं खाली आणि पाय वर असायचे. अंबुबाई दर रविवारी भोसरीहून दिघीजवळच्या त्या दवाखान्यात यायची आणि आधी विटांकडं बघायची. मग पोराकडं. पोरगा हसत असायचा. एवढं हसण्यासारखं काय आहे, ते तिला कळायचं नाही.

खंडूचं म्हणणं असं, की अंतराळात माणसाला वजनच जाणवत नाही. रक्त डोक्याकडं चढतं, तोंड सुजतं आणि काम नसल्यामुळं पाय वाळतात. पुढंमागं आपलाही माणूस वर जाणार, तेव्हा त्याचं काय होईल ते आधी जमिनीवर बघायला हवं. म्हणून धडधाकट माणसांना असं उताणं निजवायचं आणि महिनोन्महिने पाऊल खाली टेकू द्यायचं नाही. खंडू कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवरचा कामगार, पण आकाशाचं वेड लहानपणापासूनचं. डॉक्टरांना तरणी माणसं हवीत म्हटल्यावर तो परस्पर कंपनीच्या दारातूनच त्यांच्या जीपमध्ये बसला आणि घरी नुसता निरोप धाडला. आईला विचारलं असतं तर तिनं सोडलंच नसतं, म्हणे.

अंबुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही.

कसा ठेवणार? प्रेसवरचा माणूस कंपनीच्या दारातून थेट दवाखान्यात जातो, दोन-दोन महिने उठायचं नाही म्हणतो, आणि सांगतो काय, तर अंतराळ! शेजारच्या सोनबाचा पंजा मशीनखाली गेला, तेव्हाही त्याच्या कारखान्यानं घरी ‘ट्रेनिंगला धाडलंय’ असंच कळवलं होतं. खंडूचे पाय गेलेत आणि आईनं हाय खाऊ नये म्हणून पोर चंद्रताऱ्यांच्या थापा मारतंय, हे तिनं पहिल्याच दिवशी ताडलं. त्यात त्याचं लग्न ठरलेलं. सांगवीच्या मारुतरावांची शालन, सुपारी फुटलेली, नुसती तिथी धरायची बाकी होती.

एकदा पाय हलवून दाखव, असं तिच्या ओठांवर कितीदा तरी आलं. पण नाही हलला तर? तिनं कधी विचारलं नाही.

त्याच्याबरोबर कामाला असलेल्या चांदभाईला मात्र तिनं खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, कंपनीत काही झालेलं नाही, खंडू आपल्या पायांनी जीपमध्ये चढला. पण हे सांगताना तो खाली मान घालून स्टोव्हला पिन मारत होता. तिला काय समजायचं ते ती समजली.

मग तिनं पोराला प्रश्नांत पकडायचं ठरवलं. यान उन्हात करपत कसं नाही? खंडू म्हणाला, उन्हाकडची बाजू भाजते आणि सावलीतली गोठते, म्हणून ते सावकाश फिरवत ठेवतात, निखाऱ्यावर आपण कणीस फिरवतो तसं. ऊन परतवायला वरून चकचकीत पत्र्याचा कागद गुंडाळतात. आत सोडलेला श्वास जातो कुठं? तो शोषून घेणारी भुकटी असते. हा काही सापडेना. शेवटी तिनं विचारलं, तिथं मुगाला मोड आले तर वर कुठलं अन् खाली कुठलं हे त्या कोंबाला कळायचं कसं? खंडू गडबडला. पुढच्या रविवारी त्यानं डॉक्टरांना विचारून उत्तर दिलं, की कोंब उजेडाकडं वळतो, पण मुळाचं काय होतं ते मोठमोठे लोक अजून तपासतायत.

घरी जाताना अंबुबाई बसमध्ये त्या मुळाचाच विचार करत बसली. थाप ती थापच, पण पोरानं काय मन लावून रचली होती! तिला त्याचं कौतुक वाटलं आणि रडूही आलं.

एका रविवारी चादर सरकली. खंडूच्या पोटऱ्या पार काटक्या झाल्या होत्या. त्याच संध्याकाळी ती सांगवीला गेली.

“मारुतराव, पोराचं पाय गेल्यात,” ती म्हणाली. “लेकीला अडकवून ठेवू नगा.”

शालन दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, मी थांबते, मला असाही चालेल. अंबुबाईनंच तिची समजूत घातली, जन्म काढणं सोपं नसतं म्हणून सांगितलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. महिन्याभरात शालनला चाकणला दिलं. अंबुबाई लग्नाला गेली, अक्षता टाकल्या आणि मांडवातून न जेवताच परतली. खंडूनं शालनची चौकशी केली की ती ‘बरी हाय’ एवढंच म्हणायची. तो त्याचं लपवतो, आपण आपलं लपवावं, असा तिचा हिशेब होता.

मग एक दिवस दवाखान्यातून सांगावा आला, की मुलाला घरी न्या. अंबुबाईनं त्याची खाट दाराशी आणून टाकली, म्हणजे पोराला निजल्यानिजल्या रस्ता तरी दिसेल. त्याला उचलायला दोन माणसं आणि चांदभाईच्या ओळखीचा टेम्पो सांगितला. घरी नेल्यावर त्याला शालनचं सांगायचं आणि दोघांनी एकदाच काय ते रडून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

ती पोचली तेव्हा वॉर्डबॉय विटा काढत होते. डॉक्टर घड्याळ लावून खंडूची नाडी बघत होते. त्यांनी मान हलवली तसे खंडूनं पाय खाली सोडले. ते लटलटा कापत होते. तो उभा राहिला, डोळे मिटून थोडा थांबला, भिंत धरली, मग भिंतही सोडली, आणि नुकत्याच चालू लागलेल्या पोरासारखा झोकांड्या खात तिच्यापर्यंत आला. घामानं डबडबला होता आणि हसत होता.

“आई,” तो म्हणाला, “मारुतरावांना आता तिथी धरायला सांग.”